गवती चहाला 'भेसळ' म्हटल्याबद्दल: सांगलीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

मेलिसा या लिंबाच्या वासाच्या औषधी रोपट्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'मेलिसाला लिंबाचा वास येतो तो सिट्रलमुळे. आमच्या गवती चहातही तेच सिट्रल. मग तुमचं जर्मनीतलं रोपटं औषध आणि आमचं तेल भेसळ, हा कुठला न्याय?' असं तुम्ही विचारलंत. अर्धा एकर गवती चहा आणि तेल काढायची स्वतःची भट्टी असलेल्या माणसाला तो शब्द लागणारच. 'स्वस्त मेलिसा तेल म्हणजे गवती चहाची भेसळ' हे वाक्य माझंच, आणि ते चुकलं. माफ करा. तुमचं तेल अस्सलच आहे. खोटं असतं ते बाटलीवरचं नाव, आणि त्या खोट्या नावाखाली तुमच्या पिकाचं नावही पुसलं जातं.

पण ते खोटं नाव लावायचा मोह का होतो, हे तुम्हाला उताऱ्यावरून, म्हणजे पाल्यातून किती तेल निघतं त्यावरून, लगेच कळेल. गवती चहाच्या ताज्या पाल्याला ०.४ टक्के उतारा धरला, तर एक किलो तेलाला अडीचशे किलो पाला लागतो. मेलिसाचा उतारा ताज्या पाल्यावर ०.०२ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. म्हणजे एका किलोला पाच टन! मागच्या उन्हाळ्यात मी घरामागच्या वाफ्यातला चार किलो पाला, फुलं यायच्या जरा आधी कापून, तांब्याच्या छोट्या भट्टीत घातला. दोन तास वाफ दिली. घरभर वास सुटला, बाटलीत अर्कपाणी भरपूर जमलं, आणि त्यावर तेलाचा नुसता तवंग. ड्रॉपरने उचलायला गेले तर काचेलाच चिकटून बसला. त्या दिवसापासून दोन-तीनशे रुपयांत 'शुद्ध मेलिसा' म्हणणाऱ्या बाटलीवर माझा विश्वास उरलेला नाही.

सिट्रल दोन्हीकडे आहे, हे तुमचं बरोबर. गवती चहाच्या तेलात ते सत्तर-ऐंशी टक्के असतं. मेलिसात सिट्रलच्या जोडीला सिट्रोनेलाल आणि कॅरिओफायलीन ही वासाची दुसरी द्रव्यं असतात, आणि त्यांचं प्रमाण जागेप्रमाणे, कापणीप्रमाणे बदलतं. त्यामुळे नुसत्या वासावर कोणी पैज लावू नये. प्रयोगशाळेत मात्र एक सुंदर खूण सापडते. गवती चहा हे तुमच्या ऊस, ज्वारी, मक्यासारखं गवत आहे. ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या वाटेने पकडतात, म्हणून त्यांच्यात जड कार्बनचं, म्हणजे कार्बनच्याच जरा वजनदार प्रकाराचं, प्रमाण थोडं जास्त राहतं. मेलिसा तुळस-पुदिन्याच्या कुळातली, तिची वाट निराळी. तेच सिट्रल, पण ते उसाच्या भावकीतून आलं की तुळशीच्या, हे त्या कार्बनवरून ओळखता येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती तरी वेळ मी त्याच विचारात होते. अर्थात लिट्सिया नावाच्या झाडाच्या फळांचं तेल मिसळलं असेल तर ही खूण उपयोगी पडत नाही, कारण त्या झाडाची वाटही मेलिसासारखीच; तिथे दुसऱ्या चाचण्या लागतात.

आता औषधाचं. माझ्या लेखात हा भाग तोकडा राहिला, आणि तुमचा राग त्यातूनच आला असावा. मेलिसाचं औषध मुख्यतः पानात आहे, तेलात नाही. युरोपच्या औषधकोशात वाळलेल्या पानासाठी रोझमरिनिक आम्ल या पानातल्या द्रव्याची अट आहे, किमान एक टक्का. हे आम्ल वाफेबरोबर वर येत नाही. ते पाण्यात उतरतं, म्हणजे चहाच्या कपात येतं. ओठांवर तापाचे फोड उठतात त्यावरचं इथलं, जर्मनीतलं जुनं मलमही पानांच्या पाण्यातल्या अर्काचंच असतं. म्हणून मी दीड-दोन ग्रॅम पान कपात टाकते, उकळतं पाणी ओतते आणि दहा मिनिटं वर बशी झाकते. युरोपीय औषध संस्थेने हे पान मनावरचा हलका ताण, झोप आणि पोटफुगी यांसाठी मान्य केलंय ते पारंपरिक वापराच्या आधारावर. पक्क्या चाचण्यांचा आधार तिथे नाही, आणि मी तो असल्यासारखं लिहू नये. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

'परदेशात बसलात म्हणून तिथलंच गोड' हे मात्र मान्य नाही. युनानी हकीम हेच पान 'बादरंजबोया' म्हणून शतकानुशतकं देत आले. त्यांच्यातले जुने थोर हकीम इब्न सिना यांनी ते हृदयाला उल्हास देणारं म्हटलंय. फक्त आपल्याकडे त्या नावाने पुष्कळदा नेपेटा या दुसऱ्याच वनस्पतीची एक जात विकली जाते. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा, हे तिथेही आहेच.

शेवटी तुम्ही विचारलंत, एकरभर मेलिसा लावू का? तेलासाठी नको. उताऱ्याचं गणित वर आहेच, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती पानं करपतील. पानासाठी करायचं असेल तर हिवाळ्यात, अर्ध्या सावलीत, एकच वाफा करा. बी बारीक असतं आणि उगवायला उजेड मागतं, म्हणून त्यावर माती ओढू नका. पाला सावलीत वाळवा, आणि घेणारा आधी ठरवल्याशिवाय वाफा वाढवू नका.

लेखातलं ते वाक्य आज बदललं. आता तिथे आहे: 'स्वस्त मेलिसा तेलाच्या बाटलीत पुष्कळदा गवती चहाचं चांगलं तेल असतं. ते हवं असेल तर गवती चहाच्या नावानेच घ्या, शेतकऱ्याकडून.'