“घरी भरलेली गोळीच सरळ जाते” म्हणे!

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज आमच्या भागातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरून राह्यला. फॅक्टरीचं काडतूस कधीच एकसारखं नसतं, खरा नेमबाज आपली गोळी आपल्या हातानं भरतो, ऑलिम्पिकवालेही तसंच करतात, काडतुसातली दारू (बारूद) थोडी वाढवली की गोळी सरळ जाते, आपले आजोबा भरमार (नळीच्या तोंडातून भरायची जुनी बंदूक) हातानंच भरत होते, आणि काडतूस भरायची मशीन ऑनलाइन मिळते, परवाना असला की झालं. सोबत तीन भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकलेला टार्गेटचा फोटो. आणि वर “हॉटेलचं जेवण आणि घरचं जेवण यात फरक असतोच ना?” असा डायलॉग.

मी सोडून दिला असता, पण तो माझ्या मामांकडून आला. मामांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, आहे, आणि त्यांचा पोरगा नागपूरला पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक गोळीच्या रायफलची प्रॅक्टिस करतो. मेसेजखाली मामांनी लिहिलं होतं, “भाचेबुवा, हे वाचा बरं, आपण कायले पैसे घालून राह्यलो कंपनीले?” म्हणजे पोराच्या मॅचच्या काडतुसांचे पैसे बंद आणि घरी कारखाना सुरू. म्हणून हे लिहितोय.

आधी आजोबा आणि भरमार, कारण माणूस मरेल तर याच मुद्द्यानं मरेल. भरमारीत काळी दारू असायची, ती मापानं ओतत, थोडं इकडंतिकडं झालं तर बहुतेक वेळा निभायचं, तरीही नळी फुटून बोटं गेलेली माणसं जुन्या लोकांनी पाह्यली आहेत. आजच्या काडतुसात ती दारू नसतेच, बिनधुराची असते, आणि तिचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो. म्हणजे दारू थोडी वाढली म्हणून दाबही थोडाच वाढेल असं काही नाही. पॉइंट थ्री-झीरो-एट रायफलच्या काडतुसाच्या दाबाची अमेरिकन मानकातली कमाल मर्यादा 62,000 पीएसआय (दाबाचं एकक) आहे, आणि आपल्या बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाची 11,500. रायफलचा व्हिडिओ पाहून बारा बोअरचं काडतूस भरायला बसणाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. त्यात बिनधुराची दारू एक प्रकारची नसते, पिस्तुलाची भराभर जळते, रायफलची सावकाश, आणि दिसायला दोन्ही काळपट दाणेच. डबा बदलला तर बंदूक फुटते, आणि ती फुटते तेव्हा गाल तिच्या दस्त्यालाच टेकलेला असतो. ग्रुपात एकानं तर फटाक्याची दारू चालते का विचारलं, आणि खाली दोघांनी अंगठा दाखवला! अरे बावा, ती उडवायसाठी बनवलेली असते, गोळी ढकलायसाठी नाही.

आणि दारू वाढवल्यानं गोळी सरळ जाते हे तर मुळातच उलटं आहे. गोळी सुटताना नळी थरथरते, प्रत्येक नळीला दारूचा एखादा भार मानवतो, तो ओलांडला की भोकं उलट पसरतात.

आता कायदा. मशीन ऑनलाइन मिळते म्हणे. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 2 उघडून पाहा, तिथं दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्री धरली आहे. म्हणजे ते मशीन कायद्याच्या नजरेत काडतुसासारखंच. कलम 5 प्रमाणे बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदूक ठेवायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 मध्ये विनापरवाना बनवण्याला कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. डुकरानं हरभरा खाल्ला म्हणून सात वर्षं! “अमेरिकेत सगळे भरतात” हे ठाणेदाराला सांगून पाहा.

ऑलिम्पिकचा मुद्दा वाचून मात्र हसू आलं. ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल पॉइंट टू-टूनं खेळतात, आणि पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मधोमध टोपी (ठोका बसला की पेट घेणारी) नसते, पेट घेणारा मसाला तळाच्या दुमडलेल्या किनारीत आतून भरलेला असतो. एकदा उडालं की ती किनार चेपली जाते, केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, भंगारात. नेमबाज ते घरी भरत नाही. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते याच 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम), म्हणजे फॅक्टरीच्या काडतुसानं. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. फॅक्टरीचा माल एकसारखा नसता तर जगातले सगळे नेमबाज तिथं काय करत होते?

आता जे खरं आहे ते कबूल करतो, मन नसलं तरी. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे एकावेळी बनलेल्या खेपांमध्ये, फरक पडतो, आणि एकच लॉट एका नळीला मानवतो, दुसरीला नाही. म्हणून तर ईली, लापुआसारख्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर नेमबाज आपली रायफल नेतात, शिकंज्यात आवळून वेगवेगळे लॉट उडवून पाहतात आणि जमला तो लॉट उचलतात. मोठ्या रायफलींत तर परदेशातले बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून नेम मारणारे) खरंच हातानं भरतात, गोळी किती खोल बसवायची ते आपल्या नळीप्रमाणे ठरवतात, दारूचा एकेक भार काट्यावर तोलतात, आणि त्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, स्वस्तातल्या फॅक्टरी मालापेक्षा बारीक येतो. पण ती गोळी, टोपी, केस, दारू कुठून येते? फॅक्टरीतूनच! घरच्या जेवणाचा डायलॉग इथंच संपतो. शिवाय 168 ग्रेन वजनाची सिएरा मॅचकिंग गोळी बसवलेलं फेडरलचं मॅच काडतूस कित्येक हातभरूंना खाली पाहायला लावतं.

तो तीन भोकांचा फोटो? तीन गोळ्यांवरून काही ठरत नाही. त्याच बंदुकीतून त्याच काडतुसाच्या आणखी वीस उडवा, भोकं पसरत जातात. लोक सगळ्यांत चांगला कागद फोटोला ठेवतात, बाकीचे चुलीत.

आणि मामांच्या कामाचं म्हणाल तर डुक्कर पराटीत (कपाशीत) टॉर्चच्या उजेडात दिसते तीस-चाळीस मीटरवर. शंभर मीटरला तीन सेंटिमीटरचा ग्रुप आणि दीड सेंटिमीटरचा ग्रुप, यातला फरक चाळीस मीटरवर सहा मिलिमीटर उरतो. तेही रायफलमध्ये, बारा बोअरच्या छर्ऱ्यांना तर हा हिशोबच लागू नाही. आणि डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच.

काडतूस फुसकं निघतं ही तक्रार खरी असते कधीकधी. पण पावसाळाभर कुडाच्या भिंतीला टेकवलेल्या पेटीत ठेवल्यावर ते काय करील? कोरड्या जागी ठेवा. आणि ट्रिगर दाबूनही उडालं नाही तर अर्धा मिनिट तरी नळी मोकळ्या बाजूला धरून थांबा, लगेच मोडून आत पाहू नका.

पोरासाठी एवढंच, मामा, की वेगवेगळ्या लॉटचं एकेक पाकीट आणून त्याच्या रायफलीत उडवून पाहायचं, जमला तो लॉट नंबर लिहून ठेवायचा आणि मोसमाचा माल त्याच नंबरचा घ्यायचा. पैसे कमी पडत असतील तर निम्मे मी घालतो, पण ते मशीन मागवू नका.