मॉरिशसला जाताय? दोन दिवस समुद्राकडे पाठ करा

आमच्या टूरच्या कागदावर सात दिवस होते आणि जवळजवळ सातही पाण्यात. पॅरासेलिंग, अंडरसी वॉक, कॅटामरान, या बेटावरून त्या बेटावर स्पीडबोट, मधे एक दिवस खरेदी. बुकिंग करताना मी विचारलं, "डोंगरावर कधी नेणार?" समोरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मॉरिशसला डोंगर बघायला कोण जातं? तिथे काय, नुसतं जंगल आहे."

हे वाक्य मला अजून टोचतं. एका अख्ख्या देशाला आपण एक किनारा, एक निळं पाणी आणि हनिमूनचे फोटो एवढ्यावर आणून ठेवलंय. आणि हे आपण मराठी माणसं करतो, जी पावसाळा लागला की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतात! आम्ही तीन दिवसांचे वॉटर स्पोर्ट्स सोडून दिले. पैसे परत मिळाले नाहीत. पण ते तीन दिवस सोडले नसते तर मॉरिशस मला कळलंच नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

पहिला डोंगर ल पूस. राजधानी पोर्ट लुईच्या मागेच उभा आहे, उंची ८१२ मीटर. कळसूबाईच्या निम्मासुद्धा नाही. पूस म्हणजे फ्रेंचमध्ये अंगठा, आणि लांबून तो मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखाच दिसतो. वाट सुरू होते ती उसातून. सकाळचे सात, पायाखाली तांबडी माती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, पात्यांवर दव. माझा नवरा कराडचा. तो पहिल्या पाच मिनिटांतच थांबला आणि उसाची कांडी हातात धरून पेरं मोजायला लागला.

त्याच शेतांच्या मधोमध दगडांच्या राशी दिसल्या. एखाद-दुसरी नाही, ठिकठिकाणी. काही तर घराएवढ्या, वर निमुळत्या होत गेलेल्या. मला आधी वाटलं, जुनी देवळं असतील. आमचा वाटाड्या म्हणाला, "हे दगड शेतातले. ऊस लावायचा तर आधी जमीन मोकळी करायला हवी होती. माणसांनी हाताने वेचून रचलेत." मॉरिशसची जमीन ज्वालामुखीची, फावडं मारावं तिथे दगड. ते उपसायला आधी गुलाम होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर यायला लागले, आणि त्यांच्यात आपल्या कोकणातली माणसंही होती. हा वाटाड्या त्यांच्यापैकीच एका घरातला. घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली, बोलतो, शाळेत मराठी शिकला, गणपतीच्या आरत्या पाठ आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्या राशीपाशी तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "चला, ऊन चढेल." बसच्या खिडकीतूनही या राशी दिसतात. पण जवळ जाऊन त्यातल्या एका दगडावर हात ठेवला की कळतं, तो एका माणसाने उचलण्याजोगा नाहीच. तो किमान दोघांनी उचलला असणार.

पुढे झाडी, मग एक सपाट खांदा, आणि शेवटचा टप्पा कातळाचा. तिथे दोन्ही हात लावावे लागतात. आणि तिथेच मला तो कातळ ओळखीचा लागला. काळा, बारीक छिद्रांचा, उन्हाने तापायला लागलेला. राजगडावर, हरिश्चंद्रगडावर हात जसा धरतो तसाच इथेही धरत होता.

हे निव्वळ भावनेने म्हणत नाही. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला आणि मॉरिशस ज्याने घडलं, त्या दोन्हींचा उगम एकच, असं भूशास्त्र सांगतं. जमिनीच्या पोटात खोलवर एक तप्त जागा आहे, आज ती मॉरिशसशेजारच्या रीयुनियन बेटाच्या खाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी तिच्यावर होती, तेव्हा दख्खनचा लाव्हा वर आला. मग आपण उत्तरेकडे सरकत गेलो आणि मागे तिच्याच वाटेवर मालदीव, शागोस ही बेटं तयार झाली. मॉरिशस अगदी अलीकडचं, ८०-९० लाख वर्षांपूर्वीचं. रीयुनियनचा ज्वालामुखी तर आजही जिवंत आहे. चूल जागच्या जागी, भाकऱ्या तेवढ्या पुढे सरकत गेल्या. आठवीतल्या मुलीला हे त्या कातळावर बसून सांगितलं, तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातला बेसॉल्ट पहिल्यांदा तिच्या तळहाताला लागला. डार्विनही या डोंगरावर चढला होता, २ मे १८३६ ला, बीगल जहाज बंदरात असताना. वरून बंदर दिसतं, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दिसतं, शेजारी पीटर बोथचा सुळका डोक्यावर भलामोठा धोंडा घेऊन उभा असतो. आम्ही वर बसून धोल पुरी खाल्ली. वाटलेली पिवळी डाळ भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीचीच बहीण, फक्त गूळ नाही. आत घेवड्याची रस्सा भाजी आणि चटणी. सकाळी गाडीवरून कागदात बांधून घेतली होती, वर पोचेपर्यंत मऊच राहिली.

एक गोष्ट आवर्जून सांगते. आम्ही गेलो ते मेच्या मध्यात. त्याच दिवसांत पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. मॉरिशसला तेव्हा थंडीची सुरुवात असते. दुपारचा सूर्य उत्तरेला, आपली सावली दक्षिणेला. पहिल्या दिवशी दिशाच उलट्या वाटत होत्या. मे ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा, थंड काळ. डोंगर चढायला याहून चांगला काळ नाही, आणि मुलांची मेची सुट्टी नेमकी त्यात बसते. डिसेंबर ते मार्च मात्र उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळं.

दुसरा डोंगर ले मॉर्न. नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेला, ५५६ मीटरचा एकसंध कडा. प्रत्येक माहितीपत्रकावर याचाच फोटो असतो, खाली निळं पाणी आणि मागे हा. फोटोत जे दिसत नाही ते सांगते. मालकांकडून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. तिथले लोक सांगतात की ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, वरच्या माणसांना वाटलं आपल्याला धरायला आलेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही गोष्ट आजही तिथे दबक्या आवाजात सांगितली जाते. २००८ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशात घेतलं ते या आठवणीसाठी, समुद्राच्या रंगासाठी नव्हे.

अर्धी वाट रुंद आणि सोपी आहे, तिथवर कुणीही जाऊ शकतं. नंतर खडा चढ सुरू होतो, हातपाय दोन्ही वापरावे लागतात. आम्ही वर रोवलेल्या क्रॉसपर्यंत गेलो. खरं शिखर त्याच्याही पलीकडे आहे. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल रानात फक्त याच डोंगरावर उगवतं. क्रिओलमध्ये त्याला कानातल्याचं नाव आहे, कारण ते तसंच लोंबतं. वाटेत दोनदा आम्हाला स्पीकर लावून चढणारे गट भेटले. एकातली गाणी आपली होती, मला फार वाईट वाटलं. रायगडावर समाधीसमोर कुणी असं केलं तर आपल्याला चालेल का? मग इथे का?

आता जे म्हणतील, आमच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी. माझ्या सासूबाई एकाहत्तरच्या आहेत. त्यांना घेऊन तिसऱ्या दिवशी ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. उद्यानाच्या पेत्रँ या प्रवेशापासून जाणारी वाट रुंद आणि बरीचशी सपाट आहे. त्या दीड तास चालल्या, मधे बसल्या, पुन्हा चालल्या. रस्त्याकडेला चिनी पेरू लगडलेले होते, बोराएवढे, लालभडक, आंबटगोड. तिथली माणसं पिशव्या भरभरून तोडत होती, सासूबाईंनी ओच्यात घेतले. हेच झाड तिथल्या मूळच्या जंगलाला गिळत चाललंय, बाहेरून आणलेलं आहे ते, हेही त्याच वाटेवर कळलं. याच जंगलात मॉरिशसचा खरुची जातीचा ससाणा आहे. १९७४ मध्ये जगात फक्त चार उरल्याची नोंद होती. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत आणला. ज्या बेटाने डोडो गमावला त्याच बेटाने हे केलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तिथून जवळच गंगा तलाव. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लाखो लोक तिथे पायी येतात, खांद्यावर कावड, वाटेत लोक पाणी आणि खाणं घेऊन उभे. सासूबाईंनी चार वाऱ्या केल्या आहेत. वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मुक्काम कुठे कुठे असतो?" आणि मग ते दोघं अर्धा तास पायाच्या फोडांवर आणि रात्रीच्या चालीवर बोलत बसले. सात दिवसांत त्या एवढ्या कधीच बोलल्या नव्हत्या.

समुद्रात जाऊ नका असं मी म्हणत नाही. आम्हीही गेलो, आवडलं. पण बोटीत आपल्याला बसवतात, उतरवतात, फोटो काढून देतात. डोंगरावर जायचं तर तिथल्या माणसाचा हात धरावा लागतो, त्याच्याशी बोलावं लागतं. तुमच्या टूरवाल्याला आधीच सांगा, दोन दिवस मोकळे हवेत. नाही म्हणाला तर दुसरा शोधा. वाटाड्या तिथलाच घ्या, ले मॉर्नला तर घ्याच. बूट पकड असलेले हवेत. माझ्या एका जोडीचा तळवा उतरताना सुटला आणि शेवटचा तास सुतळीने बांधून काढला. माणशी दोन लिटर पाणी. मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दुपारी चढायला सुरुवात करू नका.

आणि ल पूसला जाणार असाल तर सातला उसापाशी पोचा. वरच्या कातळावर सावली नाही.