हृदयाचं पुनर्वसन कसं टाळावं

सातारा जिल्ह्यात 'पुनर्वसन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कोयना धरण होऊन साठ वर्षं उलटली, तरी पाण्याखाली गेलेल्या गावांची पोरं-नातवंडं अजून हेलपाटे घालतायत. तेव्हा अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर म्हणाले, 'आता कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयाचं पुनर्वसन करून घ्या, देखरेखीखाली व्यायाम करा', तर बिचकू नका. या शब्दाला आपल्याकडे घाई नसते.

मुळात डॉक्टर तसं म्हणतीलच असं नाही, ही तुमची पहिली जमेची बाजू. माझ्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं ठसठशीत होती आणि तळाला, शिक्क्यानं अर्धी झाकलेली एक ओळ: 'व्यायाम – सल्ल्यानुसार'. सल्ला कुणाचा, ते शिक्क्याखाली गेलं होतं. असा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात रेशनकार्डाशेजारी ठेवावा. काउंटरवर जाऊन विचारू नये. मी विचारलं, 'रिहॅब कुठं होतं?' तिथल्या मुलीनं आधी माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "व्यसनमुक्तीचं का, काका? ते आमच्याकडे नाही." बायको अजून मधूनच माझ्या तोंडाचा वास घेते.

तरीही तुम्ही हटवादी निघालात आणि पुण्याचा पत्ता मिळवलातच, तर हिशेब मांडा. साधारण बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, म्हणजे 36 खेपा. सातारा-पुणे जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर धरा. आठ हजारांच्या वर जातं. तेवढ्यात दिल्लीला दोनदा जाऊन याल आणि वर किलोमीटर उरतील. तासाभराच्या व्यायामासाठी खंबाटकीचा घाट ओलांडायचा! पंचाहत्तरी झाली असेल तर मात्र पंचाईत आहे, कारण एसटीला तिकीट पडत नाही, म्हणजे भाड्याचं निमित्त गेलं. अशा वेळी माण-खटावच्या रुग्णांकडे बोट दाखवावं. त्यांना पहाटेची गाडी पकडून आधी साताऱ्यालाच यावं लागतं. हे निमित्त कधी फसत नाही, कारण ते निमित्त नाही.

घरच्यांची साथ मागावी लागत नाही. 'वाकू नका', 'जिना नको', 'बादली ठेवा खाली'. तुम्ही फक्त आरामखुर्चीत पडून राहायचं. भेटायला लोक येतात, शहाळं आणतात. एक पाहुणा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, 'हे तुमच्यासाठी नाही हं, पोरांसाठी' असं बजावतो आणि पुडा तुमच्याच उशाशी ठेवतो. चारच दिवसांत मांड्यांतलं बळ जातं, संडासपर्यंत गेलं तरी धाप लागते, आणि धाप लागली की सगळ्यांची खात्री पटते: बघा, हलायलाच नको होतं.

कुणी शहाणा सांगेल, की स्टेंटनं, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीनं, एका ठिकाणचा अडथळा निघतो, बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच राहतात. देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या व्यायामानं शरीराचे स्नायू प्राणवायू नीट वापरू लागतात, मग तेवढ्याच कामाला हृदयाला कमी राबावं लागतं. शिवाय तिथं तंबाखू सोडवतात, गोळ्या का घ्यायच्या ते सांगतात, मनातली भीती काढतात. ऐकून घ्या आणि त्याला अँजिओग्राफीची सीडी दाखवा. स्टेंटची सीडी मिळते, चालण्याची कुठे मिळते?

बाईमाणूस असाल तर एवढेही कष्ट नकोत. जगभर बायकांना रिहॅबला पुरुषांपेक्षा कमीच पाठवतात. आपल्याकडे तर 'घरकाम हाच व्यायाम' म्हटलं की विषय संपला. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही पोळ्या लाटत असता, म्हणजे ठणठणीतच.

खरा धोका वेगळाच आहे. हल्ली घरच्या घरी, फोनवर मार्गदर्शन घेऊन रिहॅब करता येतं, आणि निवडलेल्या रुग्णांत त्याचा गुण केंद्रात जाऊन केल्याइतकाच येतो, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचे आढावे सांगतात. त्यात 2020 मध्ये योगावर आधारलेल्या रिहॅबच्या 'योगा-केअर' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: देशातली 24 केंद्रं, जवळपास चार हजार रुग्ण, तीन महिन्यांत योगासनं-प्राणायामाच्या 13 बैठका. यंत्रं नकोत, ट्रेडमिल नको. रुग्णांचं जगणं सुधारलं, पूर्वीची कामं त्यांना जास्त जमू लागली. सुदैवानं पुढचे झटके आणि मृत्यू कमी झाल्याचं त्यात ठामपणे सिद्ध झालं नाही. तेवढंच वाक्य पाठ करून ठेवा, बाकीचं विसरा.

नाहीतर आमच्या गल्लीतल्या निवृत्त एसटी कंडक्टरसारखं व्हायचं. त्यांचं ऑपरेशन माझ्या नंतरचं. कुठल्याशा फिजिओथेरपिस्ट मुलीनं त्यांची आधी तपासणी केली, सहा मिनिटं चालवून अंतर मोजलं, आणि आता दर आठवड्याला तिचा फोन येतो. त्यांनी वाड्याच्या बोळात टेपनं तीस मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूनं रेघा मारल्यात. पावसानं पुसल्या की पुन्हा मारतात. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवायचा, असं तिनं सांगितलंय. गाण्याचा प्रश्नच नव्हता, पण बोलतात भरपूर. मी खिडकीशी शहाळं घेऊन बसलेला असतो. ते रेघेवरून वळतात, माझ्याकडे बघतात आणि गर्दीच्या गाडीतल्या जुन्या आवाजात ओरडतात, "चला, पुढं सरका पुढं, आत जागा आहे!"

मी खिडकी लावून घेतो. वारं लागतं.