नित्याचा चाप आणि पारसचा पिंजरा

नित्या दोन वर्षांनी आला सांगलीला. वेलिंग्टनला असतो आता, न्यूझीलंडला. आमचा कट्टा म्हणजे विश्रामबागेत पारसच्या प्लायवूडच्या दुकानाच्या पायऱ्या, मध्ये भडंगाचा पुडा, आणि नित्याच्या फोनमधले फोटो बघत बसलेलो. घर, पोरगी, समुद्र वगैरे झालं आणि मग एक लाकडी खोकं आणि शेजारी मेलेला उंदीर असा फोटो आला. पारसनं फोन सरळ खाली ठेवला.

"ह्याचा फोटो काढतात होय लेका?"

नित्या म्हणला अरे नोंद ठेवावी लागते, कुठल्या दिवशी कुठल्या परसात काय मिळालं ते ॲपवर टाकायचं, आमच्या गल्लीत दर घराला असल्या खोक्यात एक चाप आहे, शेंगदाण्याचं बटर लावायचं आणि आठवड्याला बघायचं. आणि हे उंदरांच्या त्रासापायी नाही, पक्ष्यांसाठी करतात. इथं पेटलं सगळं.

पारस जैन, आणि नुसता नावाला नाही. त्यांच्या घरी पिंजरा लावतात आणि सकाळी काकू स्वतः जाऊन उंदीर नदीकडं सोडून येतात, लहानपणापासून बघतोय मी. तो म्हणला, पक्षी वाचवायचा म्हणून उंदीर मारायचा हे ठरवणारा तू कोण? दोघांचा जीव सारखाच की.

मग नित्यानं नीट सांगितलं, आणि मला हे खरंच माहीत नव्हतं. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाखो वर्षं पक्ष्यांना भीती फक्त वरून, शिकारी पक्ष्यांची. त्यामुळं धोका वाटला की जागच्या जागी गप्प थिजून बसायचं, हालचाल नाही म्हणजे वरून दिसत नाही. काकापो नावाचा पोपट आहे, उडताच येत नाही त्याला, तो असाच थिजून बसतो. पण उंदीर आणि स्टोट वासावर येतात, मग थिजून काय उपयोग. स्टोट म्हणजे आपल्या मुंगसासारखा, पण बारीक आणि लांबडा. 1880 च्या दशकात गोऱ्यांनी आणले ते, का तर त्यांनीच आधी आणलेले ससे फार झाले म्हणून. पक्ष्यांच्या जाणकारांनी तेव्हाच नको म्हणून सांगितलेलं, ऐकलं नाही कुणी. आणि किवी पक्ष्याचं पिल्लू तर अंड्यातून आल्यावर थोड्याच दिवसांत एकटंच फिरतं, किलोभर वजन होईपर्यंत त्याला स्टोटशी झुंजता येत नाही, जिथं राखण नाही तिथं शंभरातली पाचच मोठी होतात.

सुश्या मागच्या वर्षी वेळासला जाऊन आलेला. तो म्हणला, आपल्याकडं कोकणात कासवांची अंडी कोल्ही-कुत्री उकरून खायची, माणसंही न्यायची, 2002 पासून गाववाले आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था अंडी उचलून कुंपणात पुरतात, पिल्लं समुद्रात सोडतात, एक कोल्हा मारला नाही कुणी. तुम्ही पण कुंपण घाला की.

हा मुद्दा मला लई आवडला आणि नित्याला पण. तो म्हणला घातलंय, वेलिंग्टनमध्येच झीलँडिया म्हणून राखीव जागा आहे, 1999 मध्ये साडेआठ किलोमीटरचं कुंपण झालं, उंदीरसुद्धा आत जाणार नाही असलं. 2002 मध्ये आत 'काका' नावाचे पोपट आणून सोडले, शहरातनं नाहीसेच झालेले ते, आता इतके वाढलेत की माझ्या गॅलरीत येऊन बसतात. पण पक्ष्याला कुंपण कुठलं? तो उडून बाहेर येतो, झाडाच्या ढोलीत घरटं करतो, मादी अंड्यांवर बसलेली असते आणि स्टोट ढोलीत शिरतो. तिला पळायला दुसरी वाट नसते. म्हणून गल्लोगल्ली चाप. आणि वेळासचा कोल्हा तिथलाच रे, कासवं आणि तो हजारो वर्षं एकत्र आहेत. स्टोट तिथला नाही.

"आणि आपली साळुंकी माहितीय का," म्हणला, "1870 च्या दशकात तिकडं नेली, किडे खाईल म्हणून. उत्तरेकडच्या बेटावर आता दुसऱ्यांची घरटी मोडत फिरते."

पारस लगेच, "मग? साळुंकी स्वतः बोटीत बसली का? स्टोटनं तिकीट काढलं का? चूक माणसाची आणि जीव जनावराचा."

ह्यावर कुणीच बोललं नाही थोडा वेळ, कारण खरं आहे ते. मला शेवटी बोलावं वाटलं ते बोललो, म्हणलं पारस चूक माणसाची हे एकदम मान्य, पण मग निस्तरायचं पण माणसानंच ना, आणि काहीच केलं नाही तरी मरतंयच की कुणीतरी, फक्त आपल्याला दिसत नाही एवढंच. काकू नदीकडं सोडतात तो उंदीर पण कुणाच्यातरी घरात शिरतोच. हे ऐकून तो चिडला, आईला मध्ये आणू नको म्हणला. मी सॉरी म्हणलं. पण मुद्दा मागं घेतला नाही.

नित्यानं मग 1964 चं सांगितलं. दक्षिणेला बिग साउथ केप नावाचं बेट, बोटींवरनं उंदीर उतरले. काही जाणकार म्हणाले थांबा, उंदरांनी असं काही होत नाही, निसर्ग सावरेल. सावरला नाही. दोन जातींचे पक्षी आणि एका जातीचं वटवाघूळ कायमचं गेलं. सॅडलबॅक नावाच्या पक्ष्याची दक्षिणेकडची जात तेवढी वाचली, कारण छत्तीस पक्षी धरून दुसऱ्या बेटांवर नेले. छत्तीस! आत्ता आहेत ते सगळे त्यांचेच.

विषावरनं पण वाजलं. 2016 मध्ये सरकारनं जाहीर केलं की 2050 पर्यंत देशातनं उंदीर, स्टोट आणि पॉसम म्हणून मांजराएवढा झाडावरचा प्राणी असतो तो, सगळे संपवायचे. वेलिंग्टनच्या मिरामारमध्ये 2023 पर्यंत उंदीर संपवले, पण तिथं चापांबरोबर विषाच्या पेट्याही होत्या. सुश्याला ते अजिबात पटलं नाही. नित्या म्हणला मला पण विष नको वाटतं, चापात एका झटक्यात जातो, विषानं कित्येक दिवस लागतात. पण चापानं शेवटचा उंदीर मिळत नाही आणि शेवटचा राहिला की परत सगळं पहिल्यापासनं. आणि मांजर? त्याच्या घरात मांजर आहे. रात्री आत कोंडतो म्हणला, आणि ह्याच्यापुढं त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

पारसनं विचारलं, पहिला मेला तेव्हा काय केलंस. नित्या म्हणला, अर्धा तास बाहेर गेलोच नाही. मग लिंबाच्या झाडाखाली पुरला. अजून प्रत्येक वेळी पुरतोच.

भडंग संपला, दुकानाचं शटर ओढायची वेळ झाली. पारस कुलूप लावता लावता म्हणला, मारणं मला पटलेलं नाही आणि पटणार पण नाही. पण त्या खोक्याचं भोक केवढं ठेवता? एखादा पक्षीच आत गेला म्हणजे?

साठ मिलिमीटर, नित्या म्हणला, स्टोटच्या चापाला. आत अजून एक जाळी असते, आणि दोन्ही भोकं समोरासमोर ठेवत नाहीत.

"कितीचं प्लाय लावता?" पारसनं विचारलं, आणि कुलूप परत उघडलं.