मारलं नाही, म्हणजे इजा झाली नाही?

"हात तर उचलत नाही ना? मग नांदायला काय होतंय?" नवऱ्याच्या जाचाला विटलेल्या बाईला मुस्लिम जमातीच्या बैठकीत हे ऐकवलं जातं, आणि वर शरीयतचा हवाला. मला याची भयंकर चीड येते, कारण शरीयत नेमकं उलट सांगते.

कुणाला इजा करू नये आणि इजेची फेड इजेने करू नये, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, फिकहच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) पायातला दगड आहे. पैगंबरांचे साथीदार समुरा इब्न जुंदुब यांचा प्रसंग तिच्यासोबतच सांगितला जातो. एका अन्सारी, म्हणजे मदिनेतल्या, माणसाच्या बागेत समुरांचं खजुरीचं झाड होतं. माणूस तिथे बायकामुलांसह राहायचा आणि समुरा झाडाच्या निमित्ताने आत शिरायचे. त्याला फार मनस्ताप व्हायचा. पैगंबरांनी सुचवलं, झाड विकून टाक. नाही. बदल्यात दुसरं घे. नाही. मग देऊनच टाक, सवाब (पुण्य) मिळेल. तेही नाही. तेव्हा "तू इजा करणारा आहेस" असं सुनावून त्यांनी झाड उपटायला लावलं. इथे कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. झाडावरचा हक्कसुद्धा समुरांचाच होता. तरी त्या घराची शांती जड ठरली.

बायकोला छळण्यासाठी अडकवून ठेवू नका, हे तर कुराणातच आहे, सूरह बकरा, आयत २३१.

आणि अडकवून ठेवलं तर काय होतं, हे ब्रिटिश काळात पंजाबात दिसलं. हनफी या इस्लामी कायद्याच्या शाखेच्या मतानुसार नवरा सोडत नसेल तर बाईला सुटकेची वाट जवळजवळ नव्हतीच. इस्लाम सोडला की निकाह तुटायचा, म्हणून काही बायकांनी इस्लामच सोडला. नवऱ्यापासून सुटायला ईमान, म्हणजे श्रद्धाच, द्यावी लागणं, रूहला (आत्म्याला) याहून मोठी इजा कोणती? धर्मपंडित मौलाना अशरफ अली थानवी स्वतः पक्के हनफी, पण त्यांनी अशा बायकांसाठी मालिकी या दुसऱ्या शाखेच्या मताचा आधार घेतला. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. मारहाण नसली तरी वागणुकीतल्या क्रूरतेने जगणं नकोसं करणं, तिच्या धर्माचरणात आडकाठी आणणं, ही दोन्ही कारणं त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे नमाज-रोज्यावरून रोज टोचून बोलणारा, अडवणारा नवरासुद्धा त्यात आला.

बैठकीत बसणाऱ्या बुजुर्गांना माझी कळकळीची विनंती आहे. वळ दाखव म्हणू नका. त्या घरात तुझं मन, तुझी इबादत शाबूत राहते का, ते विचारा. आणि नवरा-सासऱ्यासमोर नको, तिला एकटीला विचारा.