आधी हेडमास्तरांना जिवंत करा

शाळेतली नोकरी सोडायचा विचार आहे? मग मला विचारा. राजीनामा, बडतर्फी, निवृत्ती, तिन्ही वाटा मला तोंडपाठ आहेत. मी स्वतः तिसऱ्या वाटेनं ३१ मे २०२४ रोजी बाहेर पडलो. म्हणजे असं मला वाटलं. सांगलीच्या शिक्षणखात्याच्या कार्यालयाच्या मते मी अजून पुरता बाहेर पडलेलो नाही, पेन्शन तिथंच अडकलीय. गोठ्याच्या दारात अडकलेल्या म्हशीसारखं निम्मं अंग आत, निम्मं बाहेर. दीड वर्ष होत आलं. रिकामाच आहे, तर म्हटलं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट, जन्मतारीख बघून जन्माला या. आमच्या पिढीची सगळी पोरं १ जूनला जन्मली. आई सांगायची, तू ऊसतोडीच्या दिवसांत झालास. पण नाव घालताना गुरुजींनी १ जून १९६६ असं लिहिलं आणि विषय मिटवला. आता नियम असा की एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो, त्यामुळं ३१ मे आला की आमचा कळपच्या कळप घरी. शाळेला सुट्टी, पोरं मामाच्या गावाला, टाळ्या वाजवायला दोन शिपाई आणि एक संचालक, तेही जेवणाची वेळ झाली म्हणून घड्याळ बघणारे. (शिपायांचं बरं असतं, ते साठीला जातात. आम्ही अठ्ठावन्नला.) शाल घ्या, नारळ घ्या. काढून टाकलं तरी नारळ आणि मानानं पाठवलं तरी नारळ, एवढी समानता आपल्या शिक्षणखात्यात आहे.

राजीनामा द्यायचा असेल, तर त्रास घेऊ नका. काही संस्था रुजू होतानाच तो घेऊन ठेवतात. कोरा कागद, खाली तुमची सही, तारखेची जागा मोकळी. माणूस आत येण्याआधी त्याच्या बाहेर जाण्याची एवढी काळजी सासरचेसुद्धा घेत नाहीत. १९७७ चा खाजगी शाळांचा कायदा करणाऱ्यांना मात्र हे सुख बघवलं नाही. त्यांनी कलम ७ घातलं : राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही, दोन्हींवर तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला आणि दुसरी तुमच्यापाशी. शिवाय नियमांप्रमाणं कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, नसाल तर एका महिन्याची. ती सुट्टीत देता येत नाही आणि शाळा उघडल्यावर पहिला महिनाभरही देता येत नाही. म्हणजे मे महिन्यात आमरसाची वाटी पुढ्यात असताना कितीही वैराग्य आलं, तरी जुलैपर्यंत दाबून ठेवा.

बडतर्फी ही खरी मानाची वाट. राजीनामा एकट्यानं लिहावा लागतो, इथं तुमच्यासाठी तिघांची समिती बसते. एक संस्थेचा, एक तुमचा आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. चौकशी साधारण १२० दिवसांत संपावी असं नियमात आहे. हसू नका. तोवर निम्म्या पगारावर घरी बसा, गावातल्या टपरीवर निकाल आधीच लागलेला असतो. काढलंच तर ३० दिवसांत न्यायाधिकरणात अपील करा. एकतिसाव्या दिवशी गेलात तर वकील तुम्हाला 'विलंब माफी' हा शब्द शिकवेल, त्याची फी वेगळी.

१ नोव्हेंबर २००५ पासून पुढं लागला असाल, म्हणजे जुनी पेन्शन नसलेल्यांत असाल, तर इथून पुढं वाचू नका. उगाच जीव जळेल.

आता मुख्य सल्ला. निवृत्त होण्याआधी आपले सगळे हेडमास्तर जिवंत आहेत ना, याची खात्री करा. नसतील तर जिवंत करा. ही चूक मला भोवली.

झालं असं. माझी फाईल शाळेतून सांगलीला गेली, त्रुटी लागून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. पहिल्यांदा वारसांच्या नावात बायकोचं नाव 'सुमन' की 'सुमनताई' हा गहन प्रश्न होता. दुसऱ्यांदा ना-देय प्रमाणपत्र. ग्रंथालयाची एक डिक्शनरी १९९८ पासून माझ्या नावावर होती, ती विकत आणून भरली. तिसऱ्यांदा परवाच्या मंगळवारी सकाळची एसटी धरून तासगावहून मी स्वतः गेलो. टेबलावरचा मुलगा तसा वाईट नाही, 'सर, बसा' म्हणाला. सेवापुस्तक, म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, उघडलं, पाचव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीच्या पानावर बोट ठेवलं.

'सर, हितं हेडमास्तरांची सही नाय.'

'ते वारले रे.'

'मग अवघड हाय.'

'त्यांना कुठून आणू?'

'मृत्यूचा दाखला तरी आणा. म्हंजे सायबांना दावता येतंय.'

म्हणून मी कवठेमहांकाळला गेलो. सरांच्या घरी द्राक्षाची छाटणी चालू होती, मुलगा बागेत, बाई एकट्याच. मला बघून बरं वाटलं त्यांना. चहा झाला. मी चाचरत विषय काढला. बाईंनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला दाखला काढला आणि म्हणाल्या, 'गेल्यावरबी त्यास्नी कामाला लावलंय व्हय शाळेनं?' मला वर बघवेना. त्या माणसानं पहिल्या वर्षी मला फळ्यावर लिहायला शिकवलं होतं, आणि मी त्यांच्या मरणाची झेरॉक्स मागायला गेलो होतो.

दाखला घेऊन शुक्रवारी पुन्हा सांगली. साहेब मिटिंगला. सोमवारी पुन्हा. साहेबांनी दाखला बघितलाच नाही. म्हणाले, 'हे कशाला आणलं? सध्याच्या मुख्याध्यापकांनी पगारपत्रक पडताळून साक्षांकित केलं की झालं की.' झालं की! हे मंगळवारी सांगता आलं नसतं? त्या मुलाला कुणी शिकवलं नसतं? एका विधवेची ट्रंक उघडायला लावायच्या आधी एक फोन करता आला नसता?

तात्पुरत्या पेन्शनचं विचारलं, तर उत्तर : 'कशाला सर, मूळचंच आता हुतंय.'

बरं, आता सल्ला बाजूला ठेवतो. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत लिहिलंय की तयारी दोन वर्षं आधी सुरू करायची आणि कागद सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवेत. आमचे कागद अजून जिल्ह्याच्या बाहेर पडलेले नाहीत. आणि ती राहिलेली सही माझी होती का? सेवापुस्तक माझ्या घरी होतं का? ते शाळेच्या कपाटात होतं. त्या पानानंतर मला वरिष्ठ श्रेणी मिळाली, निवडश्रेणी मिळाली, सहावा आयोग झाला, सातवा झाला. प्रत्येक वेळी हेच पुस्तक तपासायला गेलं, शिक्के मारून परत आलं. इतक्या वेळा तपासलंत तेव्हा काय तपासत होता? तेव्हा पगार द्यायचा होता म्हणून सही दिसली नाही, आणि आता पेन्शन द्यायची म्हणून दिसली?

आम्हीही काही कमी नाही. तेहतीस वर्षं पोरांच्या वह्यांत 'समास सोडा, रेघ मारा, तारीख घाला' म्हणून लाल पेनानं ओरडलो आणि स्वतःचं पुस्तक एकदाही उघडून बघितलं नाही. दरवर्षी ते दाखवून सही घ्यायची असते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. मास्तर म्हणवून घ्यायला लाज वाटते.

आणि तुम्ही, आज खुर्चीत बसलेले मुख्याध्यापक. पोषण आहाराची माहिती, यू-डायस, अमका ॲप, तमका फोटो, सगळं रात्री अकराला भरता, मला माहीत आहे. तरी ते कपाट उघडा. आपल्या माणसांची पुस्तकं काढा आणि जिथं जिथं सही राहिली आहे तिथं करा. क्लार्कवर ढकलू नका, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आज करा, हात चालतोय तोवर.