दाजी, नाताळला या की कोल्हापूरला

ज्यांची सासुरवाडी कोल्हापुरात आहे आणि जे स्वतः पुण्यात, ठाण्यात नाहीतर गेला बाजार पिंपरीत राहतात अशा समस्त दाजीलोकांसाठी हे लिहितोय, लिहिणारा अर्थातच मेव्हणा आहे. डिसेंबर संपत आला, ३१ तारखेला तुमच्या उरलेल्या सीएल मरणार, पोरांची कॉन्व्हेंट शाळा बंद, गोव्यातल्या हॉटेलांचे रेट बघून तुम्ही लॅपटॉप मिटलेला, मग आता राहिलं कोण? आम्हीच की. तर या.

आधी कळवायचं नाही. फोन करायचा तो थेट किणी टोलनाक्यावरून आणि म्हणायचं, "आई, जेवायला काही करू नका हं, आम्ही वाटेत खाल्लंय." हे वाक्य कानावर पडलं की बाबा पिशवी घेऊन मटणाच्या दुकानाकडे सुटतात, आई खोबरं किसायला बसते, मी माळ्यावरच्या गाद्या काढतो, आणि किणीपासून कावळा नाका गाठायला तुम्हाला असा कितीसा वेळ लागणार. सोबत तुमचे आईबाबा पाहिजेतच. ऑफिसातला एखादा मित्र बायकापोरांसकट आणला तर लईच भारी, "ह्यांनी कोल्हापूर बघितलंच नाहीये" एवढी ओळख बास होती. मुक्काम विचारला तर "उद्या निघतोय" म्हणायचं. रोज म्हणायचं.

जेवायला बसलात की पहिल्या घासाआधीच डिक्लेर करा की आम्हाला तिखट चालत नाही. मग आई तुमच्यासाठी कमी चटणीचा तांबडा वेगळा करणार, तो ओरपून झाल्यावर सांगायचं की आमच्या बाणेरला एक कोल्हापुरी हॉटेल आहे, तिथला जरा जास्त ऑथेंटिक लागतो. पांढऱ्या रश्श्याला न चुकता सूप म्हणायचं. मटणाचं पाणी काढून, नारळाचं दूध काढून, काजू-खसखस वाटून बाई सकाळपासून गॅससमोर उभी आहे हे बघूनसुद्धा "सूप मस्तय, ह्यात थोडं कॉर्नफ्लोअर घातलं असतं तर" हे वाक्य जो बोलू शकतो तोच खरा जावई, बाकीचे नुसते पाहुणे. (त्या दिवशी आईनं पळी खाली ठेवली ती कशी ठेवली ते फक्त मी बघितलंय.)

आणि पंचांगानं साथ दिली, मार्गशीर्षातला गुरुवार सुट्टीत घावला, तर सोनं झालं. बुधवारी रात्री मटण आणून, धुऊन, हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये गेलं की मग आठवायचं, "अय्यो, उद्या आमच्या आईंचा गुरुवार." ह्या गावात मटण हा चेष्टेचा विषय न्हाई हो, २०१९ च्या शेवटाला दर वाढले म्हणून इथं कृती समिती काढून लोक आंदोलनाला उतरलेत. पण जावयाविरुद्ध कृती समिती अजून कुणी काढलेली नाही, बिनधास्त राहा.

दुसऱ्या दिवशी अंबाबाई. सुट्टीत रांग कुठवर जाते ते बघून लगेच मेव्हण्याकडे वळायचं आणि म्हणायचं, "तुझी कुणाशी ओळख असेल ना आत." कोल्हापुरात जन्मलेल्या प्रत्येक माणसाची देवळात, पोलिसात आणि साखर कारखान्यात ओळख असतीच असा बाहेरच्यांचा पक्का समज आहे, आणि खरं सांगायचं तर तो आम्हीच करून दिलाय. लग्नात "काय बी लागू दे, नुसता फोन टाका दाजी" कोण म्हटलं होतं? आता टाकतायत फोन.

मग चपला. ऑफिसातल्या सगळ्यांची मापं व्हॉट्सॲपवर मागवून ठेवायची. दुकानात गेल्यावर आधी कारागिराला भाषण द्यायचं, की बघा, २०२५ ला प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली, सुरुवातीला आपलं नाव पण घेतलं नाही, आपल्या कलेची आपल्यालाच किंमत नाही. तो बिचारा मान डोलावतो. डोलावून झाली की जोडीमागं दोनशे कमी करायला लावायचे.

संध्याकाळी पन्हाळा, वीसेक किलोमीटर तर आहे, आमच्याच गाडीनं, पेट्रोल भरल्याचं लक्षात आणून द्यायचं नाही. तीन दरवाजात ताईला रील करायचं असतं, तोवर बाबा तुमच्या मित्राला सिद्दी जौहरचा वेढा सांगायला घेतात, १६६० साल, चार महिने किल्ला कोंडलेला, दाणागोटा आत येईना. सांगता सांगता बाबांचा आवाज ह्या वेळेला जरा जास्तच भरून आला असं मला वाटलं. मी काय तुलना करत नाही. पण महाराज भर पावसात रात्रीतनं निसटले, आमच्या बाबांचे गुडघे गेलेत.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला न्यायला लावायचं. समोर म्हैस, समोर धार, हातात फेसाचा गिलास, आणि आपण विचारायचं, "पाश्चराइज्ड आहे का?" गवळ्याला उत्तर द्यायची गरज पडत नाही, म्हैसच बघते.

हां, नाताळ. तो राहिलाच. आमच्या शेजारचं कुटुंब ख्रिश्चन आहे, पंचवीसला सकाळी आवरून न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चला जातात, येऊन सगळ्या गल्लीत ताटं वाटतात आणि सव्वीसला दोघं नवराबायको ड्युटीवर. ज्यांचा सण त्यांना एक दिवस, आणि तुमची सुट्टी आठवडा झाला तरी संपंना. त्यांचं ताट आलं की त्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळी बघून "यांच्यात पण फराळ असतो?" असं मोठ्यानं विचारायचं, भिंत पातळ आहे, ऐकू जातं. मग ताट संपवायचं. आम्ही म्हणेपर्यंत केक पण संपवायचा.

थर्टी फर्स्टला माझ्या मित्रांचं रस्सा मंडळ, म्हणजे वर्गणी काढून मटण-रश्श्याची पार्टी, बसतं पंचगंगेकडेच्या रानात, तिथं यायचंच. वर्गणी विचारली तर "अरे जीपे चालत नाहीये."

निघताना डिकी रिकामी पाहिजे. गुऱ्हाळं चालू आहेत, गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणी, आजरा घनसाळचा तांदूळ, सगळं "कशाला, कशाला" म्हणत स्वतःच नीट लावून घ्यायचं. आई दारात म्हणणारच, "राहायचं हुतं की अजून दोन दिस." हे ती सगळ्यांनाच म्हणते, गॅस सिलेंडर आणणाऱ्याला पण म्हणते, पण तुम्ही एक मिनिट थांबून ताईकडे बघायचं, खरंच विचार केल्यासारखं. तेवढ्यात आमच्या बाबांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शेवटी "आता तुम्ही यायचं पुण्याला" हे म्हणायचं, तारीख न सांगता. आणि आईनं एखाद्या वर्षी खरंच बॅग भरलीच तर घाबरू नका, सोसायटीत पाण्याचा प्रॉब्लेम चाललाय म्हणून सांगा. ती लगेच मानते. उलट तुमच्याच काळजीनं मलाच म्हणेल, "अरे, बोलव की त्यांना चार दिवस हिकडं, अंघोळ तरी करतील पोरं."